'जस्ट' एवढा सोपा शब्द, मग तो अडवतो का?

मृद्गंधा

मी प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते. लांबलचक, अवघड शब्द त्यांना फार त्रास देत नाहीत. असा शब्द आला की कोश उघडायचा, अर्थ पाहायचा, संपलं. वेळ जातो तो 'जस्ट'सारख्या शब्दांवर, कारण हा शब्द आपल्याला येतो असं प्रत्येकाला वाटत असतं. मराठी बोलतानाही आपण 'मी जस्ट निघालोय', 'जस्ट दोन मिनिटं थांब' असं सर्रास म्हणतो. त्यातून 'नुकताच' आणि 'फक्त' हे दोन अर्थ डोक्यात पक्के बसतात. मग तिसरा अर्थ समोर आला की त्यालाही या दोन खणांपैकी एकात कोंबलं जातं आणि वाक्य बिघडतं.

ही वाक्यं पाहा:

'द ट्रेन हॅज जस्ट लेफ्ट.' गाडी आत्ताच गेली.
'इट्स जस्ट अ स्क्रॅच.' नुसता ओरखडा आहे.
'दॅट्स जस्ट व्हॉट आय नीड.' मला नेमकं हेच हवंय.
'वी जस्ट कॉट द ट्रेन.' गाडी जेमतेम मिळाली.
'शी इज जस्ट ॲज टॉल ॲज हर ब्रदर.' ती भावाइतकीच उंच आहे.
'इट वॉज अ जस्ट डिसिजन.' निर्णय न्याय्य होता.
'आय जस्ट वॉन्टेड टु आस्क समथिंग.' जरा एक विचारायचं होतं.
'द म्युझिक वॉज जस्ट वंडरफुल.' याचं मराठी तुम्हीच सुचवा.

आठ वाक्यं आणि मराठीत प्रत्येक वेळी वेगळा शब्द. कोशात हे अर्थ एक, दोन, तीन असे आकडे घालून दिलेले असतात आणि विद्यार्थी ते पाठही करतात. पण बोलताना आकडे आठवत बसायला कुणाला वेळ असतो?

माझं मत असं की यातल्या बहुतेक अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे: 'बरोब्बर इथपर्यंत, पुढे नाही'. ओरखड्यापलीकडे काही नाही, म्हणून 'नुसता'. हव्या त्या गोष्टीशी तंतोतंत जुळतं, म्हणून 'नेमकं'. गाडी सुटण्याच्या क्षणाला टेकून पोचलो, म्हणून 'जेमतेम'. गाडी गेली तो क्षण आणि आत्ताचा क्षण यांच्यात फट नाही, म्हणून 'आत्ताच'. हे सूत्र आधी सांगून मग वाक्यं दिली तर विद्यार्थी नवा अर्थ स्वतःच ओळखतात, असा माझा अनुभव आहे. तुम्ही असे शब्द कसे शिकलात, कसे शिकवता? सविस्तर लिहा.

पिंपळपान

धागा आवडला, पण सूत्राबद्दल मी साशंक आहे. ज्याला आठही अर्थ आधीच माहीत आहेत त्याला त्यांच्यातलं साम्य दिसतं. शिकणाऱ्याला सूत्रावरून अर्थ काढता येईलच असं नाही. 'बरोब्बर इथपर्यंत' एवढ्यावरून 'जस्ट इन केस' म्हणजे 'न जाणो, लागलंच तर' हे कुणी ओळखून दाखवावं.

माझा भर शेजारच्या शब्दावर असतो. 'जस्ट' एकटा शिकायचाच नाही. 'जस्ट नाउ', 'जस्ट अबाउट', 'ओन्ली जस्ट', 'जस्ट ॲज', 'जस्ट इन केस', 'नॉट जस्ट' अशा जोड्याच उचलायच्या. 'जस्ट अबाउट एव्हरीवन' म्हणजे जवळजवळ सगळे. 'ओन्ली जस्ट' म्हणजे जेमतेम किंवा अगदी आत्ता. 'आय डोन्ट टॉक टु जस्ट एनीवन' म्हणजे मी वाटेल त्याच्याशी बोलत नाही. यातला 'जस्ट' वेगळा काढून त्याचा अर्थ सांगायला गेलं की हात रिकामाच राहतो.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती आणि त्याचे ४०० हून अधिक अर्थ दिलेले होते. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेही हे अर्थ पाठ करत नाहीत. ते जोड्या ऐकत मोठे होतात. आपणही तसंच करावं.

मृद्गंधा

पिंपळपान, जोड्यांचं अगदी मान्य. 'जस्ट इन केस' सूत्रातून निघत नाही हेही मान्य. पण जोड्या संपत नाहीत. न ऐकलेली जोडी समोर आली तर हातात काहीतरी धागा हवा ना? दोन्ही लागेल असं मला वाटतं.

तळटीप

इतिहास पाहिला तर ताईंचं सूत्र बरंच खरं ठरतं.

लॅटिनमध्ये 'यूस' म्हणजे कायदा, हक्क. त्यावरून 'यूस्तुस' म्हणजे कायद्याला धरून असलेलं, योग्य. तिथून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला आणि चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याचा अर्थ होता न्याय्य, सचोटीचा. जे योग्य ते मापातही बरोबर, या वाटेने १४०० च्या सुमारास तो क्रियाविशेषण म्हणून 'नेमका, तंतोतंत' या अर्थाने वापरला जाऊ लागला. 'फक्त' हा आज सगळ्यांना पहिला आठवणारा अर्थ त्यानंतर बराच उशिरा, सतराव्या शतकात रुळला. म्हणजे क्रम असा: न्याय्य, नेमका, नेमका एवढाच, फक्त. आपण शेवटच्या पायरीवरून शिकायला सुरुवात करतो, म्हणून 'न्याय्य' हा अर्थ परका वाटतो. खरं तर घराचा मूळ मालक तोच.

'जस्टिस', 'ज्युरी', 'परजुरी' (खोटी साक्ष) ही सगळी याच कुळातली. 'इंजुरी'सुद्धा. तिचा मूळ अर्थ 'अन्याय', शरीराची इजा हा अर्थ मागाहून आला. 'ॲडजस्ट' मात्र या घरातला नाही. तो लॅटिन 'युक्स्ता' म्हणजे 'जवळ' या शब्दावरून आला आणि पुढे 'जस्ट'शी नातं असावं असा समज होऊन त्याचं रूप बदललं. शब्द सारखे दिसले की नातं जोडायचा मोह होतो, तो इथे आवरावा.

दीर्घ वेलांटी

तळटीप यांच्या प्रतिसादाला जोडून. फ्रेंचमध्ये 'ज्युस्त' आजही हे बरेचसे अर्थ सांभाळून आहे: न्याय्य, अचूक, फक्त, जेमतेम. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यालाही 'ज्युस्त' म्हणतात. 'नुकतंच केलं' असं सांगायला मात्र फ्रेंच लोक वेगळी रचना वापरतात, 'करण्यापासून येतो आहे' अशा धर्तीची.

जर्मनमध्ये गंमत अशी की शब्द पूर्ण वेगळा आहे, 'गेराडं'. त्याचा अर्थ सरळ, न वाकलेला. पण 'आत्ताच' आणि 'नेमका' यांसाठीही तोच चालतो. दोन वेगळ्या मुळांचे शब्द वेगवेगळ्या वाटांनी एकाच जागी पोचले, याचा अर्थ 'अचूक' आणि 'आत्ताच' या कल्पनांमध्येच काही जवळीक असणार. म्हणून माझं मत मृद्गंधाताईंच्या बाजूने.

कोरा कागद

मी शिकणाऱ्यांपैकी आहे, म्हणून शंका विचारतो. 'द म्युझिक वॉज जस्ट वंडरफुल' यात 'बरोब्बर इथपर्यंत' कसं बसवायचं? इथे तर उलट जोर दिलाय. 'फक्त छान होतं' म्हटलं तर कौतुक कमी केल्यासारखं होतं. एकच शब्द कमीही करतो आणि वाढवतोही, हे मला पटत नाहीये.

सारंगा

कोरा कागद, तुमची शंका योग्य जागी बोट ठेवते. पण उत्तर मराठीतच आहे. चांगल्या मैफलीनंतर आपण काय म्हणतो? 'केवळ अप्रतिम!' आता 'केवळ' म्हणजे काय? फक्त. मग 'केवळ अप्रतिम' म्हणताना आपण कौतुक कमी करतो का? 'अप्रतिम' सोडून दुसरा शब्दच नको, त्यात कशाची भेसळ नाही, असं आपल्याला म्हणायचं असतं. 'जस्ट वंडरफुल' हे हुबेहूब तेच.

'निव्वळ'चंही तसंच. 'निव्वळ नफा' म्हणजे सगळं वजा जाता उरलेला, आणि 'निव्वळ मूर्खपणा' म्हणजे शंभर टक्के मूर्खपणा. मर्यादा घालणारा शब्द अशा विशेषणाला किंवा नामाला लागला की ती मर्यादाच जोर होते. 'इट्स जस्ट अ स्क्रॅच' मध्ये ओरखडा ही क्षुल्लक गोष्ट, म्हणून 'जस्ट'ने ती आणखी लहान होते. 'वंडरफुल' हे टोकाचं विशेषण, म्हणून 'जस्ट'ने ते आणखी टोकाला जातं. शब्दाने दोन्हीकडे एकच काम केलंय.

कोरा कागद

सारंगाताई, हे फारच छान समजावलंत. 'केवळ अप्रतिम' मी स्वतः कितीदा लिहितो, पण त्यातल्या 'केवळ'कडे असं पाहिलंच नव्हतं. आता 'जस्ट टेरिबल', 'जस्ट परफेक्ट' हेही लागतंय.

तळटीप

'मात्र' पण घ्या. संस्कृतात 'मात्र' म्हणजे मोजमाप, तेवढंच. 'नाममात्र', 'तिळमात्र', 'क्षणमात्र' यांत ते माप दिसतं. मापावरून 'फक्त' झालं, आणि आज आपण 'तो मात्र आला नाही' असं म्हणतो तेव्हा त्याला इतरांपासून वेगळा काढतो. 'प्राणिमात्र'मध्ये तर अर्थ 'यच्चयावत सगळे' असा होतो. मराठी शिकणाऱ्या परभाषकाला 'मात्र' तितकाच छळत असणार. आपल्याला तो छळत नाही, कारण आपण तो यादीतून शिकलो नाही.

उत्तररात्र

अर्थांची चर्चा चांगली चालली आहे, पण व्यवहारात माझ्या मते खरी अडचण जागेची आहे. 'जस्ट' वाक्यात कुठे बसलाय यावर सगळं ठरतं, विशेषतः नकार असेल तर.

'ही इज नॉट जस्ट टायर्ड.' तो नुसता दमलेला नाही. म्हणजे दमलाय, शिवाय आणखी काहीतरी आहे.
'ही इज जस्ट नॉट टायर्ड.' तो मुळी दमलेलाच नाही.

'आय डोन्ट जस्ट लाइक इट.' मला ते नुसतं आवडतं असं नाही. (त्याहून जास्त आवडतं.)
'आय जस्ट डोन्ट लाइक इट.' मला ते आवडतच नाही.

शब्द तेच, एकाची जागा बदलली आणि अर्थ उलटा. ढोबळ नियम असा की 'जस्ट' आपल्या उजवीकडच्या भागाला धरतो. 'नॉट' त्याच्या डावीकडे असेल तर 'एवढंच' हे नाकारलं जातं. 'नॉट' उजवीकडे असेल तर नकारालाच जोर मिळतो.

मराठीत हे काम बरंचसं 'च' करतो आणि तो ज्या शब्दावर जोर त्यालाच चिकटतो. 'मीच पत्र वाचलं', 'मी पत्रच वाचलं', 'मी पत्र वाचलंच'. तीन जागा, तीन अर्थ. म्हणून 'जस्ट'चं वाक्य आलं की मराठीत 'च' कुठे लावाल असं स्वतःला विचारून पाहा. बहुतेक वेळा अर्थ उलगडतो. 'जस्ट' आणि 'च' समानार्थी आहेत असं मी म्हणत नाही. 'नुकताच', 'नेमका हाच', 'तितकाच', 'एवढाच', 'आवडतच नाही' या सगळ्यांत तो येतो, हे मात्र योगायोगाने झालेलं नाही.

बोलण्यात एक घोळ होतो. 'आय जस्ट रेड टू पेजेस.' याचे दोन अर्थ होतात: आत्ताच दोन पानं वाचली, किंवा दोनच पानं वाचली. 'टू'वर आघात दिला तर 'दोनच'. ब्रिटिश इंग्रजीत 'नुकतंच'साठी 'आय हॅव जस्ट रेड' अशी रचना जास्त रूढ आहे, त्यामुळे तिथे घोळ कमी. अमेरिकन बोलीत साधा भूतकाळ सहज चालतो, म्हणून तिथे आघाताकडे आणि संदर्भाकडे लक्ष द्यावं लागतं.

पिंपळपान

उत्तररात्र, +१. 'च'ची युक्ती मी वापरायला सुरुवात करणार. जोड्यांचा आग्रह सोडत नाही, पण नकाराच्या वाक्यांत जोड्या पुऱ्या पडत नाहीत हे कबूल.

दीर्घ वेलांटी

ऐकताना होणारी अडचण राहिली. जलद बोलण्यात 'जस्ट'चा 'ट' पुष्कळदा ऐकूच येत नाही, विशेषतः पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर. 'जस्ट टेल मी' हे 'जस टेल मी' असं कानावर पडतं. स्वरही इतका आखडतो की 'जिस'सारखा वाटतो. छापील वाक्यात ओळखीचा असलेला शब्द कानाला सापडत नाही तो यामुळे. आघात असलेला 'जस्ट' आणि आघात नसलेला 'जस्ट', दोन्ही मोठ्याने म्हणून पाहावेत. आपण तसं म्हणायला शिकलो की तसं ऐकूही येतं.

आणि देशादेशांचा फरकही लक्षात ठेवा. 'शी कॉल्ड जस्ट नाउ' म्हणजे तिने आत्ताच फोन केला. 'ही इज बिझी जस्ट नाउ' म्हणजे या क्षणी तो कामात आहे. पण दक्षिण आफ्रिकेतला माणूस 'आय विल डू इट जस्ट नाउ' म्हणाला, तर तो लगेच उठेल अशी अपेक्षा ठेवू नये. तिथे त्याचा अर्थ 'करतो थोड्या वेळाने' असा आहे.

सारंगा

सुरुवातीच्या यादीतल्या 'न्याय्य' या अर्थावर कुणी फार लिहिलं नाही, पण गंभीर वाचनात तो सारखा भेटतो आणि तिथे चुकलं तर अख्खा परिच्छेद चुकतो. 'जस्ट वॉर' म्हणजे 'फक्त युद्ध' नाही. युद्ध कोणत्या परिस्थितीत न्याय्य ठरतं, हा ऑगस्टीन, ॲक्वायनस या जुन्या ख्रिस्ती तत्त्ववेत्त्यांपासून चालत आलेला तात्त्विक प्रश्न आहे. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर यांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात 'जस्ट' आणि 'अनजस्ट' कायद्यांतला भेद मांडला आहे. तिथे 'फक्त' घेऊन वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागणार नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात 'द जस्ट' म्हणजे नीतिमान माणसं.

ओळखायची खूण सोपी आहे. 'जस्ट' नामाच्या लगेच आधी असेल आणि त्याच्या आधी 'अ' किंवा 'द' असेल, तर बहुतेक वेळा तो विशेषण असतो: 'अ जस्ट कॉज', 'अ जस्ट सोसायटी'. 'जस्ट अ' असा क्रम असेल तर 'नुसता'. 'अ जस्ट किंग' म्हणजे न्यायी राजा, 'जस्ट अ किंग' म्हणजे नुसता राजा.

'जस्ट डेझर्ट्स' हा वाक्प्रचारही इथलाच. अर्थ: ज्याला जे मिळायला हवं होतं ते मिळालं, करावं तसं भरावं. यातला 'डेझर्ट' हा 'डिझर्व्ह'चा भाऊ. जेवणानंतरच्या गोडाशी त्याचा संबंध नाही, उच्चार तेवढा एक.

गाणाऱ्यांसाठी अजून एक. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात 'जस्ट इंटोनेशन' अशी संज्ञा आहे. स्वरांची अंतरं साध्या पूर्णांकांच्या गुणोत्तरांत ठेवायची: षड्ज-पंचम ३:२, षड्ज-शुद्ध गंधार ५:४. पियानोवर सप्तक १२ समान भागांत वाटलेलं असतं, त्यामुळे तिथला गंधार या गुणोत्तरापेक्षा किंचित चढा असतो. इथला 'जस्ट' म्हणजे खरा, अचूक. न्याय्य आणि नेमका हे दोन्ही अर्थ या एका संज्ञेत एकत्र भेटतात, म्हणून मला ती फार प्रिय आहे.

उत्तररात्र

'आय जस्ट वॉन्टेड टु आस्क' यावर थोडं. इथे 'जस्ट' विनंती मऊ करतो, 'फार काही नाही, एवढंच' असं सुचवून. आणि 'वॉन्टेड' हा भूतकाळही त्याच कामाला जुंपलेला आहे. विचारायचंय आत्ता, पण म्हणायचं 'होतं'. मराठीत आपण नेमकं हेच करतो: 'मला जरा विचारायचं होतं.' 'जरा'ही आहे आणि 'होतं'ही.

कामाच्या पत्रव्यवहारातून हा मवाळ 'जस्ट' काढून टाकावा, त्याने लिहिणाऱ्याचं म्हणणं कमजोर वाटतं, असा सल्ला, विशेषतः स्त्रियांना, बराच दिला गेला. २०१५ च्या अखेरीस 'जस्ट नॉट सॉरी' नावाचं जीमेलसाठीचं एक्स्टेन्शनही आलं. 'जस्ट', 'सॉरी' असे शब्द ते अधोरेखित करून दाखवायचं. मला हा सल्ला सरसकट पटत नाही. ज्यांचं पहिलं इंग्रजी परीक्षेतलं आणि अर्जातलं असतं, त्यांची वाक्यं आधीच कोरडी, हुकमी वाटतात. त्यांनी हा 'जस्ट' आधी शिकावा, मग हवा तर गाळावा. मात्र 'जस्ट लिसन!', 'जस्ट सिट डाउन!' यांत आवाज चढला की तोच शब्द अधीरपणा दाखवतो, हेही शिकवावं लागतं.

मृद्गंधा

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढच्या वर्गात मी आधी नकाराच्या जोड्या घेणार आहे, मग 'अ जस्ट' आणि 'जस्ट अ', आणि 'केवळ अप्रतिम' तर घेणारच. पिंपळपान, तुमच्या जोड्यांचा एक वेगळा कागद करते. सूत्र शेवटी सांगेन, आधी नाही. विद्यार्थ्यांनी वाक्यांवरून स्वतः काढलं तर जास्त टिकेल असं आता वाटतंय.

कोरा कागद

जाता जाता एक वाक्य विचारतो. 'आय वॉज जस्ट गोइंग टु कॉल यू.' हे 'नुकताच'मध्ये घालायचं का? पण फोन तर केलेलाच नाही.

पिंपळपान

नाही, हे काळाच्या पलीकडच्या बाजूचं. 'तुला फोन करणारच होतो.' क्षणाला टेकलेलं आहे, पण अजून घडायचं आहे अशा बाजूने. 'आय ॲम जस्ट लीव्हिंग' म्हणजे 'निघतोच आहे', तेही याच घरातलं. 'जस्ट अबाउट टु' ही जोडीही इथेच लिहून ठेवा: 'शी वॉज जस्ट अबाउट टु स्पीक', ती बोलणार तेवढ्यात. पण नुसता 'जस्ट अबाउट', पुढे 'टु' नसलेला, म्हणजे 'जवळजवळ'. 'टु' आहे की नाही ते पाहिल्याशिवाय अर्थ ठरवू नका.